एक खेळाडू, दोन देश: चालतं का?

प्रश्न : भाऊ, आमच्या अकोटात बसस्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर गंज वाद झाला. विषय फुटबॉलचा. ऑस्ट्रेलियाकडून खेळलेला एक माणूस आता भारताकडून खेळणार, अशी बातमी एकानं मोबाइलवर वाचून दाखवली आणि लगेच दोन पार्ट्या पडल्या. एक पार्टी म्हणते, एकदा एका देशाकडून मैदानात उतरला की खल्लास. दुसऱ्या देशाकडून खेळताच येत नाही. दुसरी म्हणते, आपला वसीम जाफर नाही का मुंबईहून विदर्भात आला? तसंच हे, पैसे मोजले की सगळं जमते. मंग उद्या आपला एखादा पोरगा पाकिस्तानकडून बी खेळू शकते काय? खरं काय ते सांगा.

ता. क. माझा भाचा जर्मनीत नोकरीला आहे. त्याचा मुलगा तिथंच जन्मला. आता दहा वर्षांचा आहे आणि तिथल्या क्लबात फुटबॉल खेळते. तो पुढं भारताकडून खेळू शकेल काय?

— एक वाचक, अकोट

उत्तर : पहिल्या पार्टीचं म्हणणं चाळीसेक वर्षांपूर्वी बरोबर ठरलं असतं आणि दुसऱ्या पार्टीचं साधारण नव्वद वर्षांपूर्वी. आज दोघांपैकी कोणालाच चहाचे पैसे वसूल करता येणार नाहीत. फुटबॉलपटूला आयुष्यात दोन देशांकडून खेळता येतं, पण त्याच्या वाटेत बऱ्याच अटी आहेत, आणि त्या अटींत पैशाला जागा नाही. भारताच्या बाबतीत तर फिफाच्या नियमांपेक्षा आपला स्वतःचा कायदाच जास्त आड येतो. ही गुंतवळ एकेक धागा ओढून सोडवू.

आधी ती बातमी. तुमच्या टपरीवर वाचली गेली ती बहुधा रायन विल्यम्सची. हा ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा, जन्म १९९३चा. इंग्लंडमधल्या बऱ्याच क्लबांतून खेळून तो २०२३ मध्ये बेंगळुरू एफसीकडे आला. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य संघाकडून तो एकच सामना खेळला होता, जून २०१९ मध्ये, दक्षिण कोरियाविरुद्ध. पुढं ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून २०२५ मध्ये त्यानं भारताचा पासपोर्ट घेतला. नोव्हेंबर २०२५ मध्ये आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत बांगलादेशविरुद्धचा सामना ढाक्यात होता. विल्यम्स संघाबरोबर ढाक्याला गेला, पण त्याला उतरवता आलं नाही. ऑस्ट्रेलियाच्या फुटबॉल संघटनेचा ना-हरकत दाखला आणि वरच्या मंजुऱ्या वेळेत हातात पडल्या नव्हत्या. आपण तो सामना ०-१ असा हरलो. तेव्हा खेळाडू तयार, प्रशिक्षक तयार, नवा पासपोर्ट खिशात, एवढं असूनही दुसऱ्या देशाची जर्सी आपोआप अंगावर चढत नाही, ही पहिली गोष्ट लक्षात घ्या.

आता हा कोणी परका गोरा आपल्या संघात कसा, असं मनात आलं असेल तर त्याचं उत्तर मुंबईत आहे. विल्यम्सची आई मुंबईत जन्मलेली, अँग्लो-इंडियन घरातली. तिचे वडील लिंकन ग्रोस्टेट १९५०च्या दशकात मुंबईकडून संतोष करंडक खेळलेले. तो काळ मुंबईच्या फुटबॉलचा ऐन भराचा. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारतानं यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं, त्या सामन्यात तीन गोल मारणारा नेव्हिल डिसोझाही मुंबईच्याच मैदानांवरचा. म्हणजे नातवाचा ऑस्ट्रेलियाकडून भारताकडे झालेला प्रवास दिसतो तेवढा आडवळणाचा नाही.

जाफरचं उदाहरण तुमच्या दुसऱ्या पार्टीनं अगदी घरचं काढलं, पण ते इथं लागू पडत नाही. वसीम जाफर मुंबई सोडून विदर्भाकडे आला आणि २०१७-१८ व २०१८-१९ अशा सलग दोन रणजी विजेतेपदांत आपल्याबरोबर होता. कर्नाटकचा करुण नायर आला आणि २०२४-२५ मध्ये पुन्हा करंडक नागपूरला आला. पण मुंबई, कर्नाटक, विदर्भ ही सगळी एकाच मंडळाच्या छताखालची घरं. जुन्या संघटनेनं ना-हरकत दिली की नव्या संघटनेकडे नाव नोंदवता येतं. नागरिकत्वाचा प्रश्नच उद्भवत नाही. क्लबचंही तेच. मेस्सी अमेरिकेतल्या मायामीकडून खेळतो आणि विश्वचषकाला अर्जेंटिनाची जर्सी घालतो, यात कोणाला काही खटकत नाही. क्लब पगार देतो, म्हणून तिथं करार आणि पैसा बोलतो. देशाचा संघ ही वेगळी वही आहे आणि ती वही फिफा ठेवते.

त्या वहीत फिफा दोन गोष्टी तपासते. पहिली, खेळाडूचं त्या देशाशी खरंखुरं नातं आहे का. नुसता पासपोर्ट पुरत नाही. नवं नागरिकत्व घेतलेल्या खेळाडूचा स्वतःचा जन्म त्या देशातला हवा, किंवा आई-वडिलांपैकी एकाचा, किंवा आजी-आजोबांपैकी एकाचा. यातलं काहीच नसेल तर तिथं राहिल्याचा पुरावा लागतो. मोठेपणी तिकडे गेलेल्यासाठी तो किमान पाच वर्षांचा. विल्यम्सच्या बाबतीत आईचा मुंबईतला जन्म कामी आला.

दुसरी तपासणी जास्त किचकट आहे आणि सगळा घोटाळा तिथंच होतो. आधीच्या देशाकडून तो कसल्या सामन्यात उतरला होता? दोन देश आपापसांत ठरवून जो सराववजा सामना खेळतात, त्याला मैत्रीपूर्ण सामना म्हणतात. अशा सामन्यानं खेळाडू त्या देशाला कायमचा बांधला जात नाही. विश्वचषक, खंडाची स्पर्धा आणि त्यांच्या पात्रता फेऱ्या हे अधिकृत सामने, आणि ते बांधतात. विल्यम्सचा कोरियाविरुद्धचा सामना मैत्रीपूर्ण होता. तोच पात्रता फेरीतला असता तर पंचविशी ओलांडलेल्या विल्यम्सला भारताचं दार बंद झालं असतं.

म्हणजे अधिकृत सामना खेळला की खल्लास, असं तुमची पहिली पार्टी आता म्हणेल. २०२० पर्यंत तिचं म्हणणं मान्य करावं लागलं असतं. हा नियम किती करडा होता हे मुनीर एल हद्दादीच्या गोष्टीवरून कळतं. मुनीर स्पेनमध्ये जन्मलेला, पण मूळ मोरोक्कोचं. बार्सिलोनात नुकताच चमकू लागला होता. ८ सप्टेंबर २०१४ रोजी युरो स्पर्धेच्या पात्रता फेरीत मॅसेडोनियाविरुद्ध स्पेननं त्याला ७७व्या मिनिटाला बदली म्हणून उतरवलं. वय १९. स्पेन ५-१ जिंकला; त्याच्या येण्या-न येण्यानं निकालात काहीच फरक पडला नसता. त्यानंतर स्पेननं त्याला मुख्य संघात परत कधी घेतलं नाही. मोरोक्कोला तो हवा होता, त्यालाही जायचं होतं. २०१८च्या विश्वचषकाआधी प्रकरण स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादापर्यंत गेलं आणि तिथंही नकार मिळाला. सामन्याच्या शेवटची तेरा-चौदा मिनिटं, त्यापायी सहा वर्षांहून जास्त खोळंबा. ना इकडचा, ना तिकडचा.

अशा प्रकरणांकडे बघून फिफानं २०२० मध्ये दार थोडं किलकिलं केलं. मुख्य संघाकडून अधिकृत सामने खेळलेल्यालाही आता देश बदलता येतो, पण मुख्य संघाकडून खेळलेले एकूण सामने, मैत्रीपूर्ण धरूनही, तीनपेक्षा जास्त नकोत. अधिकृत सामने सगळे वयाच्या एकविशीच्या आत खेळलेले हवेत. शेवटच्या सामन्याला तीन वर्षं उलटलेली हवीत. पहिल्या देशाकडून उतरला तेव्हा दुसऱ्या देशाचं नागरिकत्वही त्याच्याकडे असायला हवं. आणि विश्वचषकाच्या किंवा खंडाच्या मुख्य स्पर्धेत एक मिनिट जरी खेळला असेल, तर विषय संपला. यात बसल्यामुळे मुनीर अखेर २०२१ मध्ये मोरोक्कोकडून उतरला. कनिष्ठ गटांतल्या खेळाडूंसाठी अटी जरा सैल आहेत. बदल एकदाच मिळतो. दोन देशांचे पासपोर्ट आहेत म्हणून या वर्षी इकडून आणि पुढच्या वर्षी तिकडून, असं करता येत नाही.

मैत्रीपूर्ण सामन्याच्या सवलतीचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण दिएगो कोस्टाचं. जन्मानं ब्राझीलचा. मार्च २०१३ मध्ये ब्राझीलकडून इटली आणि रशियाविरुद्ध दोन मैत्रीपूर्ण सामने खेळला. त्याच वर्षी स्पेनचं नागरिकत्व मिळालं आणि त्यानं स्पेन निवडलं. पुढच्याच वर्षीचा विश्वचषक होता नेमका ब्राझीलमध्ये. तिथल्या प्रेक्षकांनी, चेंडू त्याच्या पायाशी आला रे आला की, हुर्यो उडवून त्याला नकोसं केलं. नियमांनी परवानगी दिली तरी गावकरी विसरत नाहीत, हे कोस्टाला विचारा.

आता दुसऱ्या पार्टीचा मुद्दा. पैसे मोजले की जमतं, हे फुटबॉलच्या सुरुवातीच्या दिवसांत बऱ्याच अंशी खरं होतं, कारण अडवणारा नियमच नव्हता. लुईस मोंटी हा अर्जेंटिनाचा धिप्पाड मधल्या फळीतला खेळाडू १९३०च्या पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनाकडून खेळला. उरुग्वेनं त्यांना ४-२ हरवलं. मग युव्हेंटस क्लबनं त्याला इटलीत नेलं. त्याचे पूर्वज इटलीचेच, त्यामुळे नागरिकत्व मिळायला अडचण आली नाही, आणि १९३४ मध्ये रोममध्ये तो पुन्हा विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात उतरला, या वेळी इटलीकडून, आणि जिंकलाही. दोन वेगवेगळ्या देशांकडून विश्वचषकाचा अंतिम सामना खेळलेला हा एकच माणूस. त्या इटालियन संघात तो एकटा नव्हता. बरोबरीचा गोल करणारा रायमुंडो ओर्सीही अर्जेंटिनाचाच, आणि त्याआधी त्या देशाकडून खेळलेला. मुसोलिनीला विश्वचषक घरीच ठेवायचा होता. खेळाडू कुठले याची चौकशी करायला त्याला सवड नव्हती.

पुढची पंचवीस-तीस वर्षं असंच चाललं. आल्फ्रेदो दि स्टेफानो १९४७ मध्ये अर्जेंटिनाकडून सहा सामने खेळला आणि दहा वर्षांनी स्पेनकडून खेळू लागला. हंगेरीच्या फेरेंक पुश्काशची कहाणी वेगळी आहे. १९५६ मध्ये रशियन रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले तेव्हा त्याचा क्लब परदेशात होता. तो परत गेलाच नाही. हंगेरीकडून ८५ सामन्यांत ८४ गोल मारलेला हा माणूस १९६२च्या विश्वचषकात स्पेनकडून उतरला आणि एकही गोल करू शकला नाही. त्याच स्पर्धेत १९५८चा ब्राझीलचा विश्वविजेता जोझे आल्ताफिनी इटलीकडून खेळत होता. एवढं सगळं एकाच स्पर्धेत दिसल्यावर फिफानं साठच्या दशकात नियम आवळले आणि एक खेळाडू, एक देश हे ठरून गेलं. तुमची पहिली पार्टी ज्या नियमाचा दाखला देते तो हा. २००४ मध्ये तो तरुण खेळाडूंपुरता सैल झाला, २००९ मध्ये वयाची अट निघाली आणि २०२० मध्ये मघाशी सांगितलेली सवलत आली.

पैशाचा प्रयत्न त्यानंतर झालाच नाही असं मात्र नाही. २००४ मध्ये कतारनं जर्मनीत खेळणाऱ्या काही ब्राझीलियन खेळाडूंना गळ घातली. त्यांत वेर्डर ब्रेमेन क्लबचा गोलांचा धडाका लावणारा आइल्तोनही होता. त्यानं कतारमध्ये कधी पाऊलही ठेवलेलं नसताना मोठ्या रकमेच्या बदल्यात त्याला कतारची जर्सी घालायला सांगितलं जात होतं. फिफानं तातडीनं हस्तक्षेप केला, आणि जन्माचं, आई-वडिलांचं, आजी-आजोबांचं किंवा वास्तव्याचं नातं दाखवा, ही अट तिथूनच आली. तेव्हा तुमची दुसरी पार्टी ज्या मार्गाबद्दल बोलते, तो मार्ग बंद करण्यासाठीच आजचा नियम बेतला आहे.

काही खेळाडूंनी तर देश बदललाच नाही. देशानंच आपली पाटी बदलली. वऱ्हाडातल्या वाचकाला हे फार समजावायला नको. १९५० साली अकोटात जन्मलेला माणूस आधी मध्य प्रदेशात होता, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात, तेही घराचा उंबरा न ओलांडता. देयान स्टँकोविचचं तसंच झालं. जन्म बेलग्रेडचा, १९९८चा विश्वचषक तो युगोस्लाव्हियाकडून खेळला, २००६चा सर्बिया आणि माँटेनेग्रोकडून आणि २०१०चा सर्बियाकडून. तीन विश्वचषक, तीन देश, आणि अर्ज एकही नाही. माथियास झामर हा पूर्व जर्मनीचा. १२ सप्टेंबर १९९० रोजी ब्रसेल्सला पूर्व जर्मनीचा शेवटचा सामना झाला, बेल्जियमविरुद्ध. त्यातले दोन्ही गोल झामरचे. तीन आठवड्यांनी तो देशच उरला नाही. डिसेंबरमध्ये झामर एकत्र जर्मनीच्या संघात होता आणि सहा वर्षांनी त्याच जर्मनीबरोबर युरो जिंकला. सख्ख्या भावंडांचेही कधीकधी देश वेगळे होतात. ग्रानिट झाका स्वित्झर्लंडकडून खेळतो आणि त्याचा थोरला भाऊ ताउलांट अल्बानियाकडून खेळला. २०१६च्या युरोत दोघे समोरासमोर आले तेव्हा त्यांची आई प्रेक्षकांत अर्धा स्विस आणि अर्धा अल्बानियाचा झेंडा असलेला टी-शर्ट घालून बसली होती. तिचा प्रश्न फिफाच्या कुठल्याच कलमानं सुटण्यासारखा नव्हता.

आता आपल्याकडे येऊ. झाका बंधूंच्या घरात दोन पासपोर्ट असू शकतात, भारतीयाच्या घरात ते चालत नाही. आपल्या १९५५च्या नागरिकत्व कायद्यानुसार, भारतीय माणसानं स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. परदेशी झालेल्या मूळ भारतीयांना ओसीआय कार्ड मिळतं. त्यावर इकडे येता येतं, राहता येतं, पण ते नागरिकत्व नव्हे. आणि २००८ मध्ये केंद्रीय क्रीडा मंत्रालयानं स्पष्ट केलं की भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्टच हवा. मोरोक्को, तुर्कस्तान, अल्जीरिया हे देश युरोपातल्या आपल्या मुलांना सहज बोलावतात, कारण तो मुलगा फ्रान्सचाही राहतो आणि अल्जीरियाचाही. आपण बोलावलं तर त्याला आधी ब्रिटिश किंवा ऑस्ट्रेलियन पासपोर्ट परत करावा लागतो. ज्या पासपोर्टवर त्याची नोकरी, त्याचा क्लब, बायकोमुलांचं सगळं अवलंबून, तो सोडून फिफाच्या क्रमवारीत शंभराच्या पुढं असलेल्या संघाकडून खेळायला किती जण येतील? इंग्लंडमध्ये वाढलेला, न्यूकॅसलकडून खेळलेला मायकल चोप्रा याची भारताकडून खेळायची इच्छा होती, पण गाडी पासपोर्टपाशीच अडली. माझ्या मते आपल्या फुटबॉलचा खोळंबा फिफाच्या दारात कमी होतो आणि या उंबऱ्यावर जास्त. दुहेरी नागरिकत्व द्यावं की नाही हा फुटबॉलपेक्षा फार मोठा विषय आहे. त्याचा निकाल एका चेंडूसाठी लागणार नाही, आणि लागूही नये.

तरी विल्यम्सच्या आधी एक जण आला होता आणि तो आपल्या पुण्याचा म्हणावा असा. अराता इझुमीचा जन्म जपानचा, आई जपानी, वडील गुजरातमधले. २००६ मध्ये तो भारतात आला. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडून आणि मग पुणे एफसीकडून खेळला. जपानचं नागरिकत्व सोडून तो भारतीय झाला आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये कोचीला पॅलेस्टाइनविरुद्ध भारताच्या जर्सीत उतरला. जपानच्या संघाकडून तो कधी खेळला नव्हता, म्हणून दोन देशांच्या यादीत त्याचं नाव नाही. पण पासपोर्ट टाकून आपल्याकडे येण्याची वाट त्यानंच पाडली.

उलट दिशेचा प्रकार गोव्यात दिसतो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून तिथलं नागरिकत्व घेता येतं, आणि गोव्यातल्या कित्येक घरांनी ते घेतलं आहे. २०२० अखेरपर्यंत इंग्लंडमध्ये काम मिळणं त्यानं सोपं होत असे. सालसेत-बार्देशातल्या एखाद्या उमद्या फुटबॉलपटूनं असा पासपोर्ट घेतला की भारतीय संघातलं त्याचं नाव त्या दिवशीच कटलं.

पाकिस्तानचं विचारलंत. नियमाच्या भाषेत उत्तर असं की आधी तिकडचं नागरिकत्व घ्यावं लागेल, मग जन्माचं किंवा आजी-आजोबांचं नातं दाखवावं लागेल, मग फिफाची मंजुरी. पण हे घडलेलं पाहायचं तर क्रिकेटकडे वळावं लागतं. १९४७च्या रणजी अंतिम सामन्यात बडोद्याकडून होळकर संघाविरुद्ध आपल्या सांगलीच्या विजय हजारेंनी २८८ धावा केल्या आणि समोर गुल मोहम्मदनं ३१९. दोघांची ५७७ धावांची भागीदारी जवळजवळ साठ वर्षं जगात पहिली होती. हाच गुल मोहम्मद भारताकडून आठ कसोटी खेळला, फाळणीनंतर काही वर्षांनी पाकिस्तानचा नागरिक झाला आणि १९५६ मध्ये कराचीला ऑस्ट्रेलियाविरुद्ध पाकिस्तानकडून एक कसोटी खेळला. अब्दुल हफीज कारदार आणि आमीर इलाही हे दोघेही असेच दोन्ही देशांकडून खेळले. कारदार तर पाकिस्तानचा पहिला कसोटी कर्णधार. थोरले पतौडी आधी इंग्लंडकडून आणि १९४६ मध्ये भारताचे कप्तान म्हणून खेळले ते वेगळंच.

मराठी नाव हवं असेल तर तेही क्रिकेटमध्येच सापडतं. सौरभ नेत्रावळकर हा मुंबईचा डावखुरा वेगवान गोलंदाज. २०१० मध्ये न्यूझीलंडमध्ये भारताकडून १९ वर्षांखालील विश्वचषक खेळला, मुंबईकडून रणजीत उतरला, मग शिकायला अमेरिकेला गेला आणि तिथं संगणकाच्या नोकरीत रमला. २०२४च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात अमेरिकेकडून त्यानं पाकिस्तानविरुद्धचं सुपर ओव्हर टाकून सामना जिंकून दिला आणि सहा दिवसांनी न्यूयॉर्कला भारताविरुद्ध विराट कोहली आणि रोहित शर्मा या दोघांनाही बाद केलं. क्रिकेटमध्ये नुसत्या वास्तव्यावरही दुसऱ्या देशाकडून खेळता येतं, पासपोर्ट लागतोच असं नाही. फुटबॉलमध्ये तेवढी ढील नाही.

राहिला तुमच्या भाच्याचा मुलगा. क्लबकडून, जिल्ह्याकडून, तिथल्या प्रांताकडून तो कितीही खेळला तरी त्यानं काही बांधलं जात नाही. जर्मनीच्या सोळा-सतरा वर्षांखालील संघाकडून अधिकृत स्पर्धेत उतरला, तर फिफाच्या वहीत त्याचं नाव जर्मनीपुढं लागेल. त्यानंतरही देश बदलण्याची संधी राहते, फक्त अर्ज करावा लागेल. आई-वडील भारतात जन्मलेले असल्यामुळे नात्याची अट तो सहज पुरी करतो. अडचण नागरिकत्वाची. आई-वडिलांनी त्याच्या जन्माची नोंद वर्षभरात भारतीय वकिलातीत केली असेल आणि तो भारतीय पासपोर्टवरच वाढत असेल, तर आज काहीच अडत नाही. जर्मनीत काही वर्षं कायदेशीर राहिलेल्या परदेशी जोडप्याच्या मुलाला तिथलं नागरिकत्व जन्मापासूनच मिळू शकतं. तसं त्याला मिळालं असेल, तर अज्ञान असेपर्यंत दोन्ही चालतील, पण अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांच्या आत जर्मनीचं सोडावं लागेल. नाहीतर आपल्या कायद्यानं भारताचं आपोआप जाईल. आणि आई-वडिलांनी स्वतःच जर्मन नागरिकत्व घेऊन मुलाचंही भारतीयत्व तेव्हाच सोडलं असेल, तर मोठेपणी त्याला विल्यम्सच्याच वाटेनं यावं लागेल. मुलाच्या जन्माची वकिलातीत नोंद झाली होती का आणि तो कागद घरात कुठं आहे, हे आत्ता भाच्याला फोन करून विचारून घ्या.